पहिले पाच हजार किलोमीटर : नव्या अॅडव्हेंचर टूरर मोटारसायकलींचे नागपूरकरांचे अनुभव

समृद्धी महामार्ग आपल्या दारातून सुरू होतो आणि ७०१ किलोमीटर सरळ मुंबईकडे जातो, परंतु त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे नागपुरातून मोटारसायकलने लांब जाणाऱ्याच्या वाट्याला जुने महामार्ग, राज्यमार्ग, घाट आणि पावसाळ्यात रस्ता की नाला हे न कळणारे गावरस्ते येतात. उंच, लांब सस्पेन्शनची, सामान आणि माणूस दोन्ही वाहून नेणारी गाडी, म्हणजेच अॅडव्हेंचर टूरर, आपल्याकडे एवढ्या संख्येने दिसू लागली, त्यामागे हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते.

ज्यांनी गेल्या वर्षभरात अशी गाडी घेतली आणि जिचे पाच हजार किलोमीटर अजून व्हायचे आहेत, त्यांनी येथे सविस्तर लिहावे ही विनंती. पत्रकातले आकडे सर्वांना मिळतात. आपली उंची, नेहमीचा रस्ता आणि पहिल्या काही आठवड्यांत बदललेले मत यांची माहिती मात्र कुठेच मिळत नाही. वर्कशॉप किंवा दुकानाविषयी तक्रार असल्यास नाव न घेता घटना लिहावी. सुरुवात माझ्यापासून करतो.

प्रतापनगर, उंची १७५ सेंटीमीटर, ३,१०० किलोमीटर

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर, जिथे उपकर धरून ३१ टक्के लागत होते, तिथे ४० टक्के झाला. मी वर्षभर पैसे जमवत होतो, त्यामुळे शेवटच्या महिन्यात हिशेब पुन्हा मांडावा लागला. तरीही दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी आणली. त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असल्याने दीक्षाभूमीच्या बाजूची वाहतूक वळवलेली होती आणि १९६ किलो वजनाच्या अनोळखी गाडीशी माझी पहिली ओळख माणसांच्या चालीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दीड तास झाली. आज मागे वळून पाहताना तो दीड तास फार उपयोगी पडला असे वाटते, कारण वजन खरे तर त्याच वेगात कळते. साठच्या पुढे ते जाणवतही नाही.

माझ्याकडे आधी सहा वर्षे ४११ सीसीची जुनी हिमालयन होती. तिची ताकद २४ पीएसच्या आसपास, पण सगळा जोर खालच्या आरपीएममध्ये (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये). चौथ्या गिअरमध्ये पस्तीसच्या वेगाने ती बैलगाडीसारखी निमूट ओढत राहायची. नव्या गाडीचे ४५२ सीसीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन ४० पीएस देते आणि त्याचा ४० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) ५,५०० आरपीएमला पूर्ण मिळतो. मी जुन्या हाताने तिला वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर चालवत राहिलो आणि दोन आठवडे मनात खट्टू होतो. पहिली सर्व्हिस झाल्यावर रामटेकहून परतताना मनसरच्या पुढे एक गिअर खाली ठेवून चालवून पाहिली, तेव्हा इंजिनाचा आवाज एकसारखा झाला आणि थ्रॉटलला तत्काळ उत्तर मिळू लागले. जुन्या गाडीवरून नवीवर येणाऱ्यांना माझे आग्रहाने सांगणे आहे की पहिल्या हजार किलोमीटरमध्ये मत बनवू नका. आधी डाव्या पायाची सवय बदला.

नोव्हेंबरात पेंचमार्गे सिवनीपर्यंत गेलो. वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून जिथे महामार्ग उचलून घेतला आहे आणि दोन्ही बाजूंना आवाज-प्रकाश अडवणाऱ्या भिंती आहेत, त्या पट्ट्यात पहाटेची थंडी, धुके आणि आपल्याच इंजिनाचा परतून येणारा आवाज एवढेच सोबतीला असते. त्या प्रवासात गाडीच्या गोल पडद्यावरच्या नकाशाचा मोठा आधार झाला, कारण हातमोजे काढून फोन पाहण्याची वेळ एकदाही आली नाही.

त्रिमूर्तीनगर, शिक्षिका, उंची १५८ सेंटीमीटर, १,९०० किलोमीटर

माझी गाडी सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आहे. २४९ सीसी, वजन १६७ किलो, सीटची उंची ८३५ मिलिमीटर. शेवटचा आकडा वाचूनच अनेक जणी शोरूमच्या बाहेरून परत फिरतात, म्हणून त्याविषयीच लिहिते.

माझे दोन्ही पाय एकाच वेळी पूर्ण टेकत नाहीत आणि टेकण्याची गरजही नाही, हे मला आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर तीन आठवडे रोज सकाळी अर्धा तास सराव केल्यावर पटले. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा, सीटवर किंचित डावीकडे सरकायचे आणि डावा पाय टाचेसकट जमिनीवर घ्यायचा. हे अंगवळणी पडले की सिग्नलची भीती जाते. उरते ती एकच अडचण आणि ती आपल्या शहराची खास आहे. सिमेंटचे रस्ते बाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झाले आहेत. कडेला थांबावे तर गाडी सिमेंटवर आणि पाय खालच्या मुरुमावर, मध्ये सहा इंचांची पोकळी. माझी गाडी आजवर एकदाच आडवी झाली, ती याच पोकळीत, घरापासून शंभर पावलांवर. वेग शून्य होता, इजा झाली नाही, परंतु क्लचच्या लिव्हरचे टोक वाकले. तेव्हापासून मी कडेला थांबतच नाही. पुढे जाऊन जिथे दोन्ही पातळ्या सारख्या आहेत तिथे थांबते.

उचलण्याची पद्धतही त्याच दिवशी शिकले. हँडल पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून, एक हात हँडलच्या मुठीवर आणि दुसरा मागच्या ग्रॅबरेलवर ठेवायचा आणि कमरेने नव्हे, तर पायांनी लहान लहान पावले मागे टाकत गाडी उभी करायची. त्याआधी ती गिअरमध्ये असल्याची खात्री करावी आणि ती उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा.

सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या होत्या, "अगं, पाय पुरत नाहीत तर एवढी उंच कशाला घेतेस?" डिसेंबरात त्याच माझ्या मागे बसून टेकडीच्या गणपतीला आल्या आणि उतरताना, "याच्यावरून दूरचं दिसतं गं," एवढेच बोलल्या.

चिखलदऱ्याला परतवाड्याच्या बाजूने गेले. घाटातल्या वळणांवर गाडी फार हलकी वाटते. दोन गिअर पुरतात आणि मन रस्त्यावर राहते.

काटोल रस्ता, ठिबक सिंचनाचे काम, उंची १७० सेंटीमीटर, ४,६०० किलोमीटर

मी हौसेने फिरणारा नाही. कळमेश्वर, काटोल, नरखेड हा माझ्या कामाचा पट्टा असून संत्र्याच्या बागांपर्यंत पोचण्यासाठी मी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही घेतली. या वर्गातली ही छोटी गाडी आहे, पण पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ चे, आणि जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर. माझ्यासाठी मात्र या सर्वांपेक्षा महत्त्वाचा ठरला तो पुढचा उंच मडगार्ड.

काळ्या मातीशी ज्याचा संबंध आला नाही त्याला हे सांगून समजणे कठीण आहे. पहिला मोठा पाऊस झाल्यावर पांदण रस्त्यावरची माती चिखल राहत नाही, ती तिंबलेल्या कणकेसारखी होते. टायरच्या खाचांत बसते, तिच्यावर दुसरा थर चढतो, त्यात वाळलेले गवत आणि तुराट्या गुंततात आणि चाकाची जाडी पाहता पाहता दुप्पट होते. माझ्या जुन्या गाडीचा मडगार्ड टायरला लागून होता. दोनशे मीटरमध्ये चाक जाम व्हायचे आणि मी काडीने माती खरवडत बसायचो. या पावसाळ्यात एकदाही तसे झाले नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यात एवढी जागा आहे की मातीचे लगदे फिरत्या चाकावरूनच उडून जातात. ते अंगावर येतात हे खरे, पण काम थांबत नाही. येनव्याच्या बाजूला एका शेतकऱ्याने बांधावरून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, चाक फिरून रायलं ना अजून! आमच्या गाड्या तं इथंच बसतेत."

चिखलातून घरी आल्यावर पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर थेट मारू नये. माती भिजू द्यावी, हाताने काढावी, मग चेन पुसून ल्यूब लावावे. मी पावसाळ्यात दर तीनशे किलोमीटरला लावतो.

कामठी रस्ता, उंची १८० सेंटीमीटर, २,७०० किलोमीटर

गाडीचे नाव या अनुभवात आवश्यक नाही, कारण लांब सस्पेन्शनच्या कोणत्याही गाडीत हे होऊ शकते.

पहिल्या सर्व्हिसनंतर चार दिवसांनी आम्ही पती-पत्नी सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया या मार्गाने पचमढीला निघालो. दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या होत्या. सावनेर ओलांडल्यावर पुढच्या स्प्रॉकेटकडून, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाकडून, घर्र असा आवाज येऊ लागला आणि खड्ड्यातून गाडी गेली की तो वाढायचा. गिअरही जड पडू लागले. सौंसरला थांबलो. तिथे आपली मराठी सर्रास बोलली जाते, त्यामुळे नीट विचारता आले. रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजमधल्या वयस्क मेकॅनिकने चेनला हात लावला आणि काही न करता म्हणाले, "भाऊ, तुम्ही दोघंही आधी गाडीवर बसा. सामान काढू नका." आम्ही बसलो. त्यांनी खालून चेन बोटाने उचलून पाहिली तर ती तारेसारखी ताठ होती, तसूभरही हलत नव्हती.

सर्व्हिसमध्ये चेन रिकाम्या गाडीवर घट्ट केली गेली होती. स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा दांडा, ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू, पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य आणि मागच्या चाकाचा मध्य एका रेषेत येतात तेव्हा चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. सस्पेन्शन जितके लांब, तितका रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांतला फरक मोठा. म्हणून अशा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चेनचा ढिलेपणा साध्या गाडीपेक्षा जास्त दिलेला असतो, आणि ज्याला ते ठाऊक नाही तो चेन लोंबते आहे असे समजून ताणतो. तशीच चालवली असती तर घाटात एखाद्या मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर सगळा ताण गेला असता.

मेकॅनिकने एक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंच्या खुणा मोजून सारख्या केल्या आणि वीस मिनिटांत आम्ही वाटेला लागलो. आवाज गेला तो गेलाच. ज्या वर्कशॉपमध्ये ही चूक झाली तिथे परतल्यावर शांतपणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण नोंद केली असे वाटले नाही. आता सर्व्हिस झाल्यावर मी स्वतः मॅन्युअल आणि पट्टी घेऊन चेन मोजतो आणि मगच गाडी ताब्यात घेतो. कृपया आपणही मोजा.

धरमपेठ, निवृत्त, उंची १६८ सेंटीमीटर, १,२०० किलोमीटर

मे महिन्याविषयी थोडक्यात. पारा ४५ अंशांच्या वर असतो तेव्हा वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो, कारण तो त्वचेपेक्षा गरम असतो. जाळीदार जॅकेट त्या वेळी फसवे ठरते. घाम येताच वाळतो आणि तहान कळत नाही. मी आत ओला सुती सदरा घालतो, जॅकेटची तोंडे अर्धी बंद ठेवतो आणि सकाळी नऊच्या आत घरी येतो. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू होऊन गरम झोत नडगीवर येतो. पूर्ण लांबीची जाड पँट घातली की त्रास राहत नाही. हवेचा दाब पहाटे, गाडी निघण्यापूर्वी तपासावा, कारण तापलेल्या टायरवर तो जास्त दाखवतो.

मनीषनगर, मागच्या सीटवरून

गाडी यजमानांची आहे, हिमालयन ४५०. मी चालवत नाही, परंतु तिचे ३,८०० पैकी निदान २,५०० किलोमीटर मी मागे बसून केले आहेत, म्हणून माझाही अनुभव नोंदवते.

जानेवारीत आम्ही उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी मार्गे गडचिरोली आणि तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आलापल्लीवरून भामरागडला गेलो. १९७३ पासून हेमलकशाला सुरू असलेला लोकबिरादरी प्रकल्प पाहण्याची माझी फार वर्षांची इच्छा होती. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून हिवाळाच निवडला. १७ लिटरची टाकी गडचिरोलीला भरून घेतल्याने जंगलातल्या टापूत पेट्रोलची काळजी राहिली नाही. आमच्या दोघांच्या वजनासह लिटरला २८ ते २९ किलोमीटर मिळत होते.

मागच्या माणसाला महत्त्वाच्या गोष्टी तीन, आणि त्या गाडी घेताना कोणी विचारत नाही. गुडघे किती दुमडतात, हाताला काय धरता येते आणि पाठीला आधार आहे का. पहिल्या दोन्हींची सोय उत्तम आहे. तिसरीसाठी आम्ही मागे टॉप बॉक्स लावून त्याला गादी बसवली, तेव्हा दोनशे किलोमीटरनंतर उतरताना कंबर धरून उभे राहणे बंद झाले. मागचे सस्पेन्शन दोघांसाठी थोडे कडक करून घेतले नाही तर प्रत्येक गतिरोधकावर मागचा माणूस उडतो. आमच्या लक्षात हे ब्रह्मपुरीला आले. तिथे चहा होईपर्यंत यजमानांनी गाडीसोबत मिळालेल्या पान्याने ते दोन खाचा वर घेतले आणि पुढच्या प्रवासात फरक लगेच जाणवला.

आलापल्लीच्या पुढे सागाचे जंगल रस्त्यावर येते. तिथे आम्ही चाळीसच्या वर गेलोच नाही. संध्याकाळी भामरागडच्या संगमावर इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा एकत्र येताना पाहिल्या आणि तिथेच बसून पुढच्या वेळची यादी केली: पाण्याची पिशवी माझ्या पाठीवर नको, ती पुढच्या टँक बॅगेत हवी, तीन लिटर पाणी सातशे किलोमीटर माझ्या खांद्यांनी वाहिले.