'वर्कलोड'ला मराठीत काय म्हणावं? (पास रशर, शीण आणि झीज)

मिशिगनकर
इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहितोय आणि एका शब्दावर गाडं अडलंय. पास रशर म्हणजे चेंडू खेळात येताक्षणी क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याच्या) अंगावर धावून जाणारा बचावफळीतला गडी. समोर त्याला अडवायला १४० किलोच्या आसपासचा टॅकल उभा असतो. त्याला रेटायचं, नाहीतर त्याच्या बाजूने वाकून वळसा घालायचा. एका सामन्यात बचावफळीच्या वाट्याला साधारण ६०-६५ स्नॅप, म्हणजे चेंडू खेळात येऊन होणारे डाव, येतात. २०२१ पासून साखळी मोसमही १६ ऐवजी १७ सामन्यांचा झालाय. मग सर्वांत चांगल्या रशरला यातले किती स्नॅप खेळवायचे, म्हणजे जानेवारीत बाद फेरीला त्याच्या पायांत जोर उरेल? वर्कलोड मॅनेजमेंट म्हणतात ते हेच.

मी 'कामाचा ताण सांभाळणं' लिहिलं. संपादक बाईंनी ते खोडून 'कार्यभार व्यवस्थापन' केलं. मी म्हटलं, कार्यभार नवे जिल्हाधिकारी स्वीकारतात, खेळाडू नाही. त्या म्हणाल्या, बुमराहच्या बातम्यांत हाच शब्द असतो. तुम्ही काय लिहाल?

रोहिणी_कोथरूड
सरळ 'वर्कलोड' लिहा. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचातल्या तीनच कसोटी खेळणार हे ठरलं, तेव्हापासून आमच्या घरी सासूबाईसुद्धा 'त्याचं वर्कलोड बघताहेत' म्हणतात. कुणाला अडत नाही.

शब्दवेल्हाळ
रोहिणीताई, अडत नाही म्हणून घ्यायचं, तर मग शब्द घडवायचेच कशाला? 'श्रमनियोजन' लिहा. श्रम किती, कधी आणि कुणाचे, हे सगळं त्यात येतं. 'कार्यभार' मात्र साफ चुकीचा. 'बुमराहचा कार्यभार कमी केला' हे वाचून त्याचं उपकर्णधारपद काढलं असंच वाटेल.

रोहिणी_कोथरूड
'श्रमनियोजन' वाचलं की मला रोजगार हमीचं कार्यालय दिसतं. खेळाच्या पानावर तो शब्द कुणी उच्चारणार नाही.

अस्थिवैद्य
माझ्याकडे गुडघे दाखवायला येणारी माणसं दोन वेगळे शब्द वापरतात. 'पाय शिणलेत' म्हणतात आणि 'झीज झालीय' म्हणतात, आणि त्यांत गल्लत करत नाहीत. शीण झोपेने, विश्रांतीने उतरतो. झीज उतरत नाही. सांध्यातली कूर्चा एकदा झिजली की मोठ्या माणसात ती जवळपास भरून येतच नाही. कंडरांचं जरा वेगळं. त्यांना सावरायला वेळ दिला तर त्या उलट बळकट होतात. वेळ न देता पुन्हा ताण दिला की बारीक इजा साठत जाते आणि एक दिवस साध्या वळणावर दगा देते. प्रशिक्षक स्नॅप मोजतात ते शिणाचं झिजेत रूपांतर होऊ नये म्हणून. मिशिगनकर, तुमच्या लेखात हे दोन्ही शब्द हवेतच. एकट्या 'ताणा'ने भागणार नाही, कारण ताण तर हवाच असतो.

मिशिगनकर
डॉक्टर, हे फार उपयोगी पडलं. आमच्याकडचंच उदाहरण देतो. एडन हचिन्सन इथलाच मुलगा, मिशिगन विद्यापीठातून डेट्रॉइट लायन्स संघाकडे आला. २०२४ च्या मोसमात पाच सामन्यांत साडेसात सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडणं) करून तो आघाडीवर होता, मैदानातून क्वचितच बाहेर यायचा. ऑक्टोबरमध्ये डॅलसला पाय मोडला, पोटरीतली दोन्ही हाडं गेली. तेव्हा इथे बरेच जण म्हणत होते की त्याला जास्तच जुंपलं.

अस्थिवैद्य
तो सामना मी पाहिलाय. त्याचा पाय सहकाऱ्याच्या पायावर आपटला. त्याला अपघात म्हणावं लागेल, झीज नाही. पहिल्या स्नॅपलाही ते झालं असतं. फार तर एवढं म्हणता येईल की जितके स्नॅप जास्त, तितक्या अपघाताच्या संधी जास्त. सगळ्या दुखापती 'झिजे'च्या खात्यावर मांडल्या की तो शब्द बोथट होतो.

कुळवाडी
'जुंपलं' हा शब्द वर सहज आला बघा. आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोटेला दोन जोड्या असायच्या. एक जोडी शिणली की सोडायची, दुसरी जुंपायची. मानेवर सूज येईपर्यंत थांबणाऱ्याला गावात नावं ठेवायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात ती त्याच खांद्याची आठवण ठेवून. तेव्हा शब्द आपल्याकडे आहेत: जुंपणं, सोडणं, पालटणं. 'रशरला पालटून पालटून खेळवलं' असं लिहा. व्यवस्थापन वगैरे कशाला?

शब्दवेल्हाळ
कुळवाडी, 'पालटणं' सुंदर आहे, +१. पण माणसाला 'जुंपलं' लिहू नये असं मला मनापासून वाटतं. त्यात सक्ती आहे.

कुळवाडी
सक्ती असेल तिथे सक्तीचाच शब्द वापरावा.

मिशिगनकर
पण कधीकधी सक्ती उलट्या बाजूने असते. रेडर्स संघाचा रशर मॅक्स क्रॉस्बी (हाही आमच्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाचा) बाहेर बसायला तयारच नसतो, जवळपास प्रत्येक स्नॅप खेळतो. २०२४ ला घोट्याची शस्त्रक्रिया झाली आणि शेवटचे सामने हुकले. याउलट फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ. पुढच्या फळीत माणसं सतत बदलत राहतात. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्यांनी समोरच्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स याला सहा वेळा पाडलं आणि ४०-२२ ने जिंकले. चौथ्या सत्रातही त्यांचे गडी ताजे होते. मला यासाठी 'राखून खेळवणं' सुचलं होतं.

रोहिणी_कोथरूड
'राखून' नको. 'हातचं राखून खेळतो' म्हणजे जीव लावत नाही. क्रॉस्बीला तेच तर नको असणार.

दादरची_पूर्वा
आणि 'झिजणं' हा आपल्याकडे गौरवाचा शब्द आहे हे कुणी म्हटलंच नाही. 'संस्थेसाठी आयुष्यभर झिजले' असं आपण श्रद्धांजलीत लिहितो, चंदनाचा दाखला देतो. भाषेनेच झिजण्याला मोठेपण दिल्यावर 'त्याला झिजू देऊ नका' हे मराठी वाचकाच्या कानाला आपोआप पटेल का? मला यातली अडचण शब्दापेक्षा खोल वाटते. ओव्हर टाकत राहणाऱ्याचं आपण कौतुक करतो आणि थांबणाऱ्याला नखरेल ठरवतो. बुमराहने २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दीडशेच्या वर षटकं टाकली, ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे त्याला चेंडू हातात घेता आला नाही. तरी इंग्लंडमध्ये दोन कसोटी बसला तर लोक चिडले.

रोहिणी_कोथरूड
चिडले कारण सिराज पाचही खेळला आणि २३ बळी घेतले. त्याची झीज नाही का होत?

अस्थिवैद्य
होते. पण प्रत्येकाची शैली वेगळी. बुमराहच्या त्या शैलीत पाठीवर येणारा भार वेगळा, आणि पाठीची शस्त्रक्रिया एकदा झालेली आहे. दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

पाली_प्राकृत
जरा उशिरा आलो. झिजणे हा संस्कृत क्षीयते, प्राकृत झिज्जइ यातून आलेला आहे. 'क्ष'चा 'झ' होतो, जसं क्षरति, झरइ, आपलं झरणे. मला त्याहून रस आहे तो 'स्नॅप'ला काय म्हणायचं यात. 'खेप' का नको? तोही 'क्षेप'वरून आलेला. फेकण्याचा अर्थ मुळातच आहे आणि फेरीचाही आहे. 'साठातल्या चाळीस खेपा खेळला', किती नेटकं.

कुळवाडी
'खेप' म्हटलं की डोक्यावर हंडा दिसतो. 'पाळी' बरी. कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी असते, कुळवाचीही पाळी असते.

दादरची_पूर्वा
'पास रशरची पाळी' असा मथळा कोण छापणार?

कुळवाडी
का छापू नये? शब्दाचा एक अर्थ आहे म्हणून बाकीचे सोडायचे का? असं करत गेलो तर अर्धी शेतीची भाषा जाईल.

सातवा_गडी
कबड्डीवाला बोलतोय. तुम्ही सगळे खेपा मोजताय, पण 'पास रशर' तसाच ठेवलात. 'चढाईपटू' म्हणा की! धावून जातो, प्रतिस्पर्ध्याच्या प्रांतात घुसतो.

मिशिगनकर
पण तो बचावफळीतला आहे. चेंडू समोरच्यांकडे असतो.

सातवा_गडी
मग तो पकड करणारा झाला. सॅक म्हणजे पकडच ना? क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत धरून पाडायचं. 'पकडवीर' लिहा.

शब्दवेल्हाळ
पकड करणारा आपल्या अंगणात वाट पाहतो. हा वाट पाहत नाही. मला 'चढाई'च बरोबर वाटते, मग चेंडू कुणाकडेही असो. चढाई किल्ल्यावर करतात, आणि किल्ला समोरच्याचाच असतो.

सातवा_गडी
ते ठीक, पण साडेसात सॅक कसे? अर्धी पकड म्हणजे काय?

मिशिगनकर
दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा. सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवतात. एका मोसमात साडेबावीस सॅक मायकल स्ट्रेहनने २००१ मध्ये केले आणि टी. जे. वॉटने २०२१ मध्ये.

सातवा_गडी
हे आवडलं. आमच्याकडे साखळी धरणाऱ्या दोघांनाही अशी अर्धी-अर्धी पकड मांडायला हवी. कोपऱ्यातल्याने घोटा धरला नसता, तर शेजारच्याला कंबर सापडली नसती. यावर वेगळा धागा काढतो.