विषय: बाबांची गाडी सिग्नलला थरथरते. इंजिन उघडू द्यावं का?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाचा विषय नाही, पण आपल्यात गाडीतले जाणकार आहेत म्हणून विचारते. बाबा कोल्हापुरात, राजारामपुरीत असतात. त्यांची गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची. सीएनजी किट मागाहून बसवलंय आणि गाडी बहुतेक गॅसवरच चालते. हल्ली सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग थरथरतं, आता बंद पडेल असं वाटतं. उचलताना अडखळते, पिकअप घेत नाही. हायवेला लागली की मात्र तक्रार नाही. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली, फरक शून्य. स्कॅनरवर कोड आला पी०३०३. गॅरेजवाले म्हणतात, इंजिनचं पूर्ण काम करावं लागेल. बाबांना आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय, त्यामुळे ते 'करून टाका' म्हणायच्या बेतात आहेत. इतक्या लांबून त्यांना काय सांगू?

*

पोरी,

बाबांना आजच फोन कर आणि थांबव. मी आता कोल्हापुरातच असतो, उद्यमनगरात हेडची, म्हणजे इंजिनच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाची कामं करण्यात माझी हयात गेली. बिनचूक तपासणी न करता इंजिन उघडलेलं मला बघवत नाही.

पी०३०३ म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यात इंधन नीट पेटत नाही, एवढंच. का मारतोय ते कोड सांगत नाही. आधी तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) एक नंबरला लावून बघायची. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली, विषय संपला. इंधन सोडणाऱ्या इंजेक्टरचंही तसंच. पेट्रोलवर चालवूनही बघा. मिसिंग फक्त गॅसवर असेल तर आधी किटकडे वळायचं.

दोन्हीवर सारखीच थरथरत असेल तर माझा संशय इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधन घेणाऱ्या झडपेवर आहे. कुकरची रिंग ढिली असली की वाफ बाजूनं निघून जाते आणि शिट्टी होत नाही, तसंच हे. व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर, म्हणजे बसायच्या कड्यावर, नीट बसला नाही की दाबलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत पळतं. आयडलिंगला इंजिन सावकाश फिरतं, गळायला वेळ मिळतो. वेग वाढला की तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून हायवेला गाडी शहाणी वाटते.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावा. चांगल्या इंजिनला आयडलिंगला सुई पाऱ्याच्या १७ ते २२ इंचांवर स्थिर राहते. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा इंच-दोन इंच कमी दिसलं तर घाबरायचं नाही. सुई ठरावीक तालात खाली झटका घेत असेल, दर वेळी तेवढाच, तर एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही असं समजायचं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते. चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग कागदावर लिहून घ्यायला सांग. तोंडी 'कमी आहे' चालणार नाही. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा खराब, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर हेडखालचं गॅस्केट.

शेवटी पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान द्यायचा. थ्रॉटलमधून सूं आवाज आला तर इनटेक, सायलेन्सरमधून आला तर धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून जोरात आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

*

काका, मध्येच विचारतो. इथे माझ्या गाडीला हाच त्रास होता. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साठला होता. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबानं मारून साफ केला आणि गाडी सुधारली. बाबांच्या गाडीला तसं करून चालेल?

*

दादा, तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असणार. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हची पाठ कधी धुतलीच जात नाही. बाबांच्या गाडीत पेट्रोल पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागच्या वाटेत पडतं, पण गॅसवर चालताना तीही धुलाई बंद. तेव्हा व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं ऑइल अडवणारं स्टेम सील गेलं असेल तर ऑइल उतरून कार्बन धरू शकतो. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाठ दिसत नाही, मॅनिफोल्ड सोडवून पोर्टमधून बघावं लागतं. पण आधी कॉम्प्रेशन बघा.

*

काका, बाबांनी उभं राहून करून घेतलं. कॉइलची अदलाबदल करूनही कोड तीनवरच. पेट्रोलवरही तसंच. कॉम्प्रेशन १७०, १६५, १०५, १७० पीएसआय. ऑइल टाकून १०५ चं ११०. हवा सोडली तेव्हा थ्रॉटलमधून आवाज आला, बाबांनी स्वतः ऐकला. झाकणातून काही नाही.

*

शाबास बाबांची! रिंगा चांगल्या आहेत. पिस्टन, बोअर, क्रँक, कशालाही हात लावायचा नाही. पूर्ण काम म्हणणाऱ्याला हा कागद दाखवायचा.

आता हेड उतरवण्याआधी गार इंजिनवर टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप मोजा. किट लावलेल्या गाडीत हे मी फार पाहिलंय. गॅस कोरडा, साधी सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह आत आत बसतो आणि गॅप संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. ढिला टॅपेट टकटक करून ओरडतो, घट्ट टॅपेट गप्प बसतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पट्टीसुद्धा जात नसेल तर मॅन्युअलप्रमाणे गॅप लावून कॉम्प्रेशन परत घ्या. सुधारलं तर तूर्त काम झालं, पण गॅप लवकरच परत तपासा, झीज थांबलेली नसते.

तरीही सूं आवाज राहिला तर फक्त हेड उतरवून उद्यमनगरात आणा. सीट गॅसला चालणारी, कडक धातूची बसवून घ्या. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या गाइडचा ढिलेपणा बघा, स्टेम सील सगळीच नवी, हेडची सपाटीही तपासा. आणि परत बसवण्याआधी एक गोष्ट बाबांनी समोर उभं राहून करून घ्यावी: हेड उलटं ठेवून, प्लग लावून, चेंबरमध्ये रॉकेल ओतायचं आणि पोर्टमध्ये बॅटरी मारून बघायचं. व्हॉल्व्हच्या कडेला थेंब जमला तर लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं, पुन्हा.

रत्नागिरीला तोवर एसटीनं जा म्हणावं. अशा गाडीनं आंबा घाटात शिरायचं नाही. मिसिंग मारताना न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातं आणि धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर तापून जातो, तो खर्च हेडच्या कामापेक्षा मोठा. हेड आणताना बाबांना माझा नंबर दे, मी येऊन सीट बघतो.