देवदार आणि देवदारी

(पणजी) आमचे सुतार खोकी फोडून काढलेल्या फळ्यांना 'देवदार' म्हणतात. बाळंतिणीच्या देवदार्व्यादी काढ्यातला देवदार तो हाच का?

(फोंडा) नव्हे. काढ्यातला देवदार पश्चिम हिमालयात, साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर वाढणारा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड, म्हणून देवदारु. प्यायची दारू फारसीतून आली, तिचा इथे संबंध नाही. गोव्यात हा खुलासा केलेला बरा! नावातला मान त्या लाकडाने कमावलेला आहे. त्यात तेल मुरलेलं असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी सहजी लागत नाही, पाण्यातही टिकतं. श्रीनगरच्या हाउसबोटी त्याच्या, मनालीच्या १५५३ सालच्या हिडिंबा मंदिरात तोच. हिमाचलातल्या काठकुणी घरांत दगडांच्या थरांमध्ये देवदाराच्या आडव्या तुळया घालतात. भूकंपात भिंत हलते, पण सहसा ढासळत नाही. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या स्लीपरांसाठी तो बेसुमार तुटला, ओंडके नद्यांत सोडून खाली आणत.

खोक्यांचं लाकूड बहुधा पाइन, म्हणजे आपल्याकडच्या चिडाच्या कुळीतलं. फिकट, मऊ, गाठीगाठींचं, खिळा पटकन घेणारं. पण 'देवदारी खोकं' मराठीत इतकं रुळलंय की हलकं, स्वस्त लाकूड हाही देवदारचा अर्थ झालाच. तो खोडत बसू नये, कोशात वेगळा नोंदवावा.

(म्हापसा) नावं अशीच भटकतात. बंगालीत देबदारु म्हणजे आपला आसुपालव! मिरामारचे सुरू तरी सूचिपर्णी ना?

(फोंडा) तेही नव्हेत. फारसी 'सर्व' म्हणजे सायप्रस, तो खरा सूचिपर्णी. आपण ते नाव किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला लावलेल्या कॅश्युरिनाला दिलं. त्याची एक 'सुई' ओढून बघा, पेरापेरांत निखळेल. ती हिरवी काडी असते. पानं म्हणजे पेरावरचे बारीक दाते. नाताळात फांदी सजवायला मात्र झकास.

(पणजी) सुतारांनी अंदाजपत्रकात नुसतं 'देवदार' लिहिलंय, काय समजू?

(फोंडा) पाइन समजा. खात्रीच करायची तर ताज्या कापाचा वास घ्या. टर्पेंटाइनचा भपकारा आला तर पाइन; देवदाराला गोडसर, धुपासारखा वास असतो. बाहेरच्या दारा-खिडक्यांना पाइन घालू देऊ नका, आपला पावसाळा त्याला सोसणार नाही. तिथे सागवान किंवा फणसच घ्या.