जेल कव्हरचा सल्ला देणं थांबवा (रोडबाइक सॅडल)

टॉर्क_रेंच
'आपापली रोडबाइक दाखवा' या धाग्यात काल एका नव्या सदस्याने सायकलचा फोटो टाकून विचारलं, तासाभराने बूड दुखतं आणि पुढे मुंग्या येतात, सॅडल कुठली घेऊ? सुखासन यांचं उत्तर: "जाड जेल कव्हर चढवा, नाहीतर रुंद गादीची सीट घ्या, हळूहळू सवय होते." त्यावर धडाधड अनुमोदनं. मुंग्या येणाऱ्याला हा सल्ला देणं घातक आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

वजन पेलायला बसण्याची दोन हाडं आहेत. गादी जाड असली की ती आत रुततात, दाबलेलं जेल मधोमध वर येतं आणि नेमकं नाजूक भागावर दाबतं. तिथून नस आणि रक्तवाहिनी जाते. मुंग्या येतात त्या ती दबते म्हणून. याची सवय करायची नसते. शिवाय कव्हर सरकतं, त्याला घड्या पडतात, मांड्या घासतात आणि सॅडलची मधली खाच झाकली जाते.

आधी हाडांमधलं अंतर मोजा. कडक सपाट स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यात बसा, टाचा उचलून गुडघे कमरेपेक्षा वर आणा आणि स्टूल धरून स्वतःला खाली ओढा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडतात. नीट दिसत नसतील तर पेन्सिल आडवी धरून घासा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात 20 ते 30 मिमी मिळवा, तेवढी सॅडलची रुंदी हवी. 115 आलं तर 135 ते 145, म्हणजे 143 ची सॅडल चालेल. खूप वाकून चालवणाऱ्याने खालचा आकडा धरावा, कारण कंबर पुढे वळली की टेकण पुढच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या हाडांवर येतं.

नवी सॅडल मागवण्याआधी आहे तीच नीट लावून बघा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. टाच पोचायला कंबर हलत असेल तर सॅडल उंच आहे, आणि उंच सॅडलवर माणूस डावी-उजवीकडे डुलतो, घासतो, सोलवटतो. मग नाक, म्हणजे सॅडलचं पुढचं टोक. सायकल सपाट जमिनीवर ठेवा, सॅडलवर पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून त्यावर फोनचं लेव्हल ॲप लावा. शून्यापासून सुरुवात करा आणि मुंग्या येत असतील तर एकेक अंशाने नाक खाली घ्या. तीनपेक्षा जास्त लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

सुखासन
माझं एक वाक्य उचलून एवढं मोठं व्याख्यान! रोज पाच-सात किमी, ताठ बसून चालवणाऱ्याला गादीची सीट उत्तम चालते. ताठ बसलं की सगळा भार मागे येतो, बूड पसरतं, रुंद सीट लागतेच. प्रत्येकाला शर्यत जिंकायची नसते. तुमचं गणित वाचून नवा माणूस सायकल विकून टाकेल.

टॉर्क_रेंच
ताठ आणि थोडं अंतर, एवढ्यापुरतं मान्य. पण त्या माणसाची सायकल ड्रॉप हँडलची (टोकं खाली वळलेल्या हँडलची) आहे, फोटोत हँडल सॅडलच्या बरंच खाली दिसतंय आणि तक्रार मुंग्यांची आहे. तिथे तुमचा सल्ला लागू नाही. कुणासाठी सल्ला ते तुम्ही लिहिलं नव्हतं, भांडण एवढंच आहे.

घाटवाट
पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालणाऱ्यांनी सॅडलला दोष देऊ नये. शिवणीची कड बरोबर हाडाखाली येते, घाम अडकतो, फोड येतात. शॉर्ट्स थेट अंगावर, घासणाऱ्या जागी क्रीम, आणि राईड संपली की लगेच बदला. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उताराची_राणी
ही सगळी चर्चा पुरुषांच्या शरीरावर चालली आहे. बायकांना "लेडीज सीट घ्या ताई" म्हणून मऊ, आखूड, रुंद काहीतरी हातात दिलं जातं आणि सूज येते ती पुढच्या मऊ भागावर. हाडांमधलं अंतर बायकांमध्ये सरासरीने जास्त असतं, पण सरासरीवर सॅडल घेता येत नाही. तोच पुठ्ठा, तीच मोजणी. आमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे खाच किती पुढपर्यंत जाते. फक्त मध्यावर छोटी खाच असेल तर तिचा उपयोग नाही, उलट तिची कडक कड टोचते. आखूड नाकाची सॅडल बऱ्याच जणींना मानवते. स्पेशलाइज्ड कंपनीची पॉवर 240 मिमी लांब आहे, जुन्या पद्धतीच्या सॅडल 270-280 च्या असतात.

आणि ती बसवताना जुन्या सॅडलच्या नाकाशी नाक जुळवू नका. सॅडल जिथे 80 मिमी रुंद होते ती जागा दोन्हींवर पट्टीने शोधून खूण करा. काढण्याआधी त्या खुणेपासून बीबीच्या (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो आस) मध्यापर्यंतचं आणि हँडलपर्यंतचं अंतर लिहून ठेवा, मग नवीच्या खुणेला तेच आकडे द्या. नाक जुळवलं तर बैठकच काही सेंटिमीटर पुढे जाते, भार हातांवर येतो आणि नव्या सॅडलला शिव्या बसतात.

चामडी_खोगीर
एवढं मोजण्यापेक्षा चामड्याची सीट घ्या. ब्रूक्स बी17 शंभराहून जास्त वर्षं चालू आहे ती उगाच नाही. चामडं तुमच्या हाडांच्या आकाराने बसतं, फोमसारखं मधोमध फुगत नाही. प्रूफाइड (ब्रूक्सचं चामड्याला लावायचं मेण) पातळ थरात, वरून आणि खालूनही लावायचं. तेल ओतलं तर चामडं ढिलं पडतं. नाकाखालचा ताणाचा नट फार क्वचित, तोही पाव फेराच. आणि नाक किंचित वर ठेवायचं, नाहीतर माणूस पुढे घसरतो. लांब पल्ल्यावर हिला तोड नाही.

टॉर्क_रेंच
लांब पल्ल्यावर आणि हँडल सॅडलच्या उंचीला असताना, हे जोडा. बी17 साधारण 175 मिमी रुंद आहे. ड्रॉप्समध्ये वाकलेल्या माणसाच्या मांडीला मागचा पत्रा लागतो आणि वर घेतलेलं नाक नेमकं नको तिथे. तिच्या रेल्सवर (सॅडलखालच्या दोन सळ्यांवर) मागेपुढे सरकायला जागाही कमी असते. आजच्या रोडबाइकची सीट ट्यूब (फ्रेमची सॅडलखालची नळी) 73-74 अंशांची, म्हणजे सॅडल मागे नेणारा, जास्त सेटबॅकचा सीटपोस्ट (सॅडलचा दांडा) लागतो. शिवाय अर्धा किलो वजन आणि पावसात झाकण्याची कटकट. हँडल वर ठेवून ताठ बसणाऱ्याला छान आहे, हे मी नाकारत नाही.

चामडी_खोगीर
वजनाचं काय घेऊन बसलात! बूड सोलवटलं तर शंभर ग्रॅम वाचवून काय करणार? अरुंद हवी तर ब्रूक्सचीच टीम प्रो किंवा स्विफ्ट आहे. सेटबॅकचा मुद्दा मात्र खरा आहे.

हँडल_वर_घ्या
तुम्ही सगळे सॅडलवर भांडताय आणि मुळावर कुणी बोलत नाही. त्या धाग्यातले फोटो बघा. एकूणएक सायकलचा स्टेम (हँडल धरणारा आडवा दांडा) हेडसेटला (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगला) चिकटवलेला, खाली एकही स्पेसर (उंची वाढवणारी कडी) नाही, कारण फोटोत तसं छान दिसतं. हँडल खाली गेलं की कंबर पुढे वळते आणि नाजूक भाग सॅडलच्या नाकावर येतो. मग विचारायचं, सॅडल कुठली घेऊ!

सगळ्यात वाईट म्हणजे फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) वर येणारी नळी कापून टाकणं. कापलेली नळी वाढत नाही. सहा महिने स्पेसर स्टेमच्या वर ठेवून चालवा, पटलं तरच कापा.

चपटी_पाठ
चुकीचं बोलताय. हँडल वर घेतलं की भार हातांवरून सॅडलवर येतो आणि बूड आणखी दुखतं. ज्याचा मांडीमागचा स्नायू लवचिक आहे, पोटात ताकद आहे, तो खाली वाकूनही तासन्‌तास आरामात बसतो. आळशी शरीराचा दोष स्टेमवर टाकू नका.

हँडल_वर_घ्या
आळशी कुणाला म्हणताय? दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला व्यावसायिक शर्यतपटूची बैठक देऊन वर त्यालाच दोष! भार मागे येतो हे बरोबर, पण तो हाडांवर येतो, आणि हाडं त्यासाठीच आहेत. हाडं दुखणं वेगळं आणि मुंग्या येणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकत्र कालवताय.

आता आकडे घ्या. 73 अंशांच्या हेड ट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या नळीवर) 100 मिमीचा, उणे 6 अंशांचा स्टेम उलटा करून लावला तर हँडल साधारण 20 मिमी वर येतं आणि 6 मिमी जवळ येतं. एक पैसाही लागत नाही. 10 मिमीचा स्पेसर वाढवला तर रीच (हँडलपर्यंतचं पुढचं अंतर) सुमारे 3 मिमी कमी होते.

चपटी_पाठ
हाडं आणि मुंग्या वेगळ्या, ठीक. पण कार्बन फोर्कवर हवे तितके स्पेसर चढवता येत नाहीत हेही लिहा ना! प्रत्येक फोर्कला बनवणाऱ्याने मर्यादा दिलेली असते. नळीच्या आतला प्लग (आधाराचं बूच) स्टेमच्या पातळीवर यायला हवा, नाहीतर बोल्ट आवळताना नळी चिरडते. लोक अर्धवट वाचून काम करतात आणि उतारावर फोर्क तुटतो. आणि वायरी हेडसेटमधून जाणाऱ्या सायकलींवर "स्टेम उलटा करा" इतकं सोपं नसतं. अनेकदा तो स्टेम उलटा बसतच नाही.

हँडल_वर_घ्या
मर्यादेचं म्हणणं योग्य आहे. वायरी आत घालून साधा स्टेम बदलणंही अवघड करून ठेवलंय, यावर आपलं एकमत आहे.

घाटवाट
मूळ प्रश्न सॅडलचा होता. कार्बन रेल्सबद्दल कुणी बोललं नाही. स्टीलच्या रेल्स 7 मिमी गोल असतात, कार्बनच्या बहुतेक 7 बाय 9, अंडाकृती. गोल रेल्ससाठीच्या क्लॅम्पमध्ये (सीटपोस्टवरच्या पकडीत) अंडाकृती आवळली की कडेने चीर जाते आणि ती बसल्यावरच कळते. बाजूने पकडणारे क्लॅम्प असतील तर सॅडल घेण्याआधी तपासा. रेल्सवरच्या खुणांच्या बाहेर क्लॅम्प नको. कार्बन सीटपोस्टला ग्रीस लावू नका, कार्बन पेस्ट लावा आणि पोस्टवर छापलेल्या टॉर्कपर्यंतच (आवळण्याच्या जोरापर्यंतच) आवळा.

नवी_चाकं (फोटो माझाच)
सुखासनकाकांचा सल्ला मनापासून होता, त्यांना एवढं बोलू नका. पुठ्ठ्यावर 118 आलं. सायकलवरची सॅडल 130 ची आहे. स्टेमखाली एकही स्पेसर नाही, वर 15 मिमी आहेत, नळी कापलेली नाही. आधी काय करू?

टॉर्क_रेंच
आधी ते स्पेसर खाली घ्या, सॅडल नंतर. स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट ढिले करा, मग वरची टोपी काढा. सायकल स्टँडवर असेल तर फोर्क हाताने धरा, नाहीतर खाली निसटेल. 15 मिमी स्पेसर स्टेमखाली गेले की स्टेमच्या वर किमान एक 5 मिमीचा पातळ स्पेसर बसतो का बघा. नसेल तर 10 च खाली ठेवा. मग आधी टोपीचा बोल्ट, फोर्कचा खडखडाट जाईल आणि हँडल मोकळं फिरेल एवढाच. त्यानंतर स्टेमचे बोल्ट, आलटून पालटून, स्टेमवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खट्ट आवाज आला तर टोपी कमी आवळलीय, बाजूचे बोल्ट ढिले करून पुन्हा.

दोन-तीन राईड तशाच करा. मुंग्या राहिल्याच तर 143 ची, खाचेची सॅडल. 118 ला 130 अरुंदच आहे.

सुखासन
रुंद सीट घ्या असं मीच म्हणालो होतो. गादीचं तेवढं मागे घेतो.