दुधाचा दात मुळासकट पडला, परत बसवतात का?

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची आहे, आत्ता पळता पळता तोंडावर आपटली आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला, शेजारचा हिरडीत आत घुसल्यासारखा दिसतोय. रक्त थांबलंय. पडलेला दात दुधात ठेवलाय, बसवतील ना?

उत्तर: नाही हो, दुधाचा दात परत बसवत नाहीत, वर कायमच्या दाताचा अंकुर असतो त्याला इजा होऊ शकते. दुधात ठेवायचं ते कायमच्या दाताचं. तरी दात घेऊन आजच डेंटिस्टकडे जा, तुकडा आत राहिलाय का बघतील. आणि उलट्या किंवा गुंगी असेल तर दाताचं राहू दे, आधी हॉस्पिटल गाठा.

दुसरं उत्तर: आत गेलेला बहुतेक वेळा आपोआप खाली येतो, काही महिने लागतात. आमच्या पोराचा आला, फक्त करडा पडला. नुसत्या रंगाला घाबरू नका, हिरडीवर पुळी किंवा सूज दिसली तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्नकर्ती: बरं, आणि ही फट कधीपर्यंत?

उत्तर: ७-८ वर्षांची होईपर्यंत, तोवर मिरवू दे! खायला-बोलायला फारसं अडत नाही. मऊ ब्रश चालू ठेवा, दुखेल म्हणून लोक नेमकं तेच सोडतात.