उत्तर: सहलीचा हिशोब, आणि तो अडकलेला हात

मंडळी,

सहलीचा हिशोब सोबत जोडलाय. बसचे पैसे ज्यांनी अजून दिलेले नाहीत त्यांनी या आठवड्यात द्या, नावं मला पाठ आहेत, इथे लिहीत नाही एवढंच.

आता दुसरं. पार्कचं नाव मुद्दाम टाळतोय, जे आले होते त्यांना माहितीच आहे. त्या बोटीच्या राइडमध्ये डाव्या हाताला एका मच्छीमार कोळ्याचा यांत्रिक बाहुला आहे बघा, जाळं फेकणारा, तर आमची बोट पुढच्या बोटीला अडकून नेमकी त्याच्यासमोर थांबली आणि चांगली सात-आठ मिनिटं थांबली, त्यामुळे मला त्याचं निवांत दर्शन झालं. हात अर्ध्यापर्यंत वर यायचा, टक टक टक करायचा आणि परत खाली. मनगटापाशी रबराची कातडी फाटलेली, तिच्यावर कुणीतरी काळी टेप गुंडाळलेली, आणि ती टेपसुद्धा सुटून लोंबकळत होती. म्हणजे बिघाड झाल्याचं कुणाला तरी कळलं होतं, नुसत्या टेपने भागवलं होतं, आणि त्यालाही बरेच दिवस झालेले. बाहेर आल्यावर मात्र फोटो विकायचा काउंटर अगदी चकाचक, एक बल्ब गेलेला नाही!

फोटो सोबत आहे. आणि हो, पुढच्या महिन्यात हॉलमध्ये अ‍ॅनिमेशन सिनेमा दाखवायचाय, तर प्रत्येकाने एकच नाव कळवा. एकच.

— खजिनदार

* * *

काका,

हिशोब मिळाला, माझे पैसे दिलेत, तपासून घ्या.

माझं मत डिस्नीच्या स्लीपिंग ब्यूटीला. हसू नका कुणी. गोष्ट बावळट आहे, राजकन्या निम्मा वेळ दिसतसुद्धा नाही, सगळं मान्य. पण तो सिनेमा आवाज बंद करून बघा एकदा. १९५९ चा आहे, ७० एमएमसाठी केलेला, करायला जवळजवळ दहा वर्षं लागली आणि मागचं सगळं जंगल आयविंड अर्लच्या चित्रशैलीतलं, म्हणजे झाडाची साल वेगळी, गवताचं पातं वेगळं, आणि हे सगळं पडद्यावर किती वेळ? दोन सेकंद. कुणी बघणार नाही हे माहीत असून केलंय. त्यात पैसे बुडाले आणि त्यानंतरच्या १०१ डाल्मेशियन्सपासून, म्हणजे १९६१ पासून, झेरॉक्स आलं, चित्रकाराची पेन्सिलची रेघ थेट सेलवर, म्हणजे पारदर्शक फिल्मवर, छापायची. त्याआधी तीच रेघ शाईने हाताने गिरवणाऱ्या बायकांचा अख्खा विभाग होता, तो कापला. काटछाट ही तेव्हापासूनची आहे, तुमच्या कोळ्याच्या हातापासूनची नाही.

आणि दुर्दैव बघा, याच सिनेमातली दुष्ट चेटकीण मॅलेफिसंट, तिचा ड्रॅगन होतो ना शेवटी, तो मोठा यांत्रिक ड्रॅगन कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधल्या फँटास्मिक शोमध्ये होता. एप्रिल २०२३ मध्ये चालू शोमध्ये त्याला आग लागली, डोक्यापासून खालपर्यंत पेटला. कुणाला काही झालं नाही हे नशीब. वर्षभराने मे २०२४ मध्ये शो परत आला तो ड्रॅगन नसलेला. त्या शोमध्ये आम्ही ज्याच्यासाठी जायचो तेच नाही आता.

— ताई

* * *

हाय ऑल,

मराठी टायपिंगला वेळ लागतो माझ्या, सो चुका माफ करा.

ताई, आय मीन रिस्पेक्ट, पण झेरॉक्सची रेघ मला जास्त आवडते. थोडी खरबरीत दिसते, चित्र काढणाऱ्याचा हात दिसतो त्यात. शाईने गिरवली की गुळगुळीत होते. माझं मत टॉय स्टोरी २. कारण फक्त सिनेमा नाही, त्याच्या मागची स्टोरी. १९९८ मध्ये सिनेमा बनत होता तेव्हा कुणीतरी चुकून सर्व्हरवर डिलीटची कमांड मारली आणि पात्रं, सेट, सगळं समोर भराभर गायब व्हायला लागलं. बॅकअप काढा म्हणाले, तर कळलं की बॅकअप बरेच दिवस नीट होतच नव्हतं, आणि कुणी चेकच केलं नव्हतं!! मग एक टेक्निकल डायरेक्टर होत्या, नुकतं बाळ झालेलं म्हणून घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी होती, तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला. आणि गंमत म्हणजे एवढं वाचवलेलं काम नंतर आवडलं नाही म्हणून बहुतेक सगळं परत केलं, लहान मूल असलेल्या घरात जसं नुकतं आवरलेलं परत आवरतात तसं.

आणि काका, पूर्वी सगळं छान होतं असं कुणी म्हणालं की मला नेहमी डाऊटफुल वाटतं. डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तो दिवस वाचा कधीतरी. बनावट तिकिटं घेऊन लोक आत शिरले, ऊन एवढं की नवीन डांबर मऊ पडून बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या, प्लंबरचा संप झालेला म्हणून संडास का पिण्याच्या पाण्याचे नळ असं निवडायची वेळ आली आणि नळ कोरडे राहिले. आणि त्याला आपण आज जुने चांगले दिवस म्हणतोय.

— सगळ्यात धाकटा मेंबर

* * *

धाकट्या,

पहिल्या दिवशीचं बिघडणं आणि विसाव्या वर्षीचं बिघडणं यात फरक आहे बाबा. पहिल्या दिवशी काम अर्धवट असतं, तोल सापडायचा असतो. विसाव्या वर्षी गोष्ट नीट चालत होती आणि मग कुणीतरी बघायचं सोडलं. मी आयुष्यभर लिफ्ट आणि एस्केलेटरची देखभाल करतोय, त्यामुळे या विषयावर मला थांबवू नका, रात्रीचे अकरा वाजलेत आणि बायको झोपलीय.

काकांचा फोटो मोठा करून बघितला. (काका, १८ एमबीचा फोटो लिस्टवर टाकू नका, निम्म्या लोकांचा मेलबॉक्स फुटेल.) तो हात वर येताना अडकतोय आणि खाली मात्र सहज जातोय, म्हणजे वर ढकलणारा दाब कमी पडतोय, कुठेतरी गळतंय किंवा सांधा घासलाय. नुसत्या फोटोवरून सांगतोय, तेव्हा चूक असेन. जुने बाहुले हवेच्या नाहीतर तेलाच्या दाबावर चालतात, डिस्नीलँडच्या १९६३ च्या टिकी रूम शोमधले पक्षी हवेवर, मोठी अवजड पात्रं तेलावर. तेलवाल्यांचं सील गेलं की तेल झिरपतं, कपड्यांवर डाग पडतात, आतून रबर फुगतं आणि मग कातडी फाटते. सील स्वस्त असतं हो. महाग असतं ते माणूस रात्री दोन वाजता त्या बोगद्यात उतरवून ते बदलून घेणं. आमच्याकडेही तेच. लिफ्ट चालली तर आजवर मला एकाही सोसायटीचा फोन आलेला नाही, आणि बजेट कापायचं झालं की पहिला माझाच करार निघतो.

आता यती ऐका. फ्लोरिडात डिस्नीच्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कमध्ये एक्सपिडिशन एव्हरेस्ट नावाची रोलर कोस्टर एप्रिल २००६ ला उघडली, डोंगराच्या आत सुमारे २५ फुटी यांत्रिक यती, म्हणजे हिममानव, गाडी जवळ आली की अंगावर झडप घालणारा. काही महिने घातली झडप. मग थांबला तो थांबलाच. कारण असं सांगतात की हालचालीचे धक्के त्याच्या खालच्या फाउंडेशनला आणि चौकटीला झेपेनात, आणि ते दुरुस्त करायचं तर भोवतीचा डोंगर आणि ट्रॅक बराचसा उकलावा लागेल. आधी बांधून झालं आणि नंतर दुरुस्तीला हात घालायला जागाच नाही, हे माझ्या धंद्यात रोज बघतो. मशीनरूमचं दार असं बसवतात की मोटर बाहेर काढायची तर भिंत फोडा. तर यतीवर त्यांनी लुकलुकणारा दिवा टाकला, म्हणजे तो हलतोय असं भासावं, आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं डिस्को यती. मुख्य डिझायनरने २०१३ मध्ये भर सभेत सांगितलं होतं की मी दुरुस्त करणार म्हणून, ते २०२१ च्या सुरुवातीला निवृत्त झाले, यती होता तसाच उभा.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. डिस्नीलँडच्या टुमॉरोलँड भागात वरून संथ फिरणारी पीपलमूव्हर नावाची गाडी १९६७ पासून होती, १९९५ मध्ये बंद केली. १९९८ ला त्याच जुन्या ट्रॅकवर रॉकेट रॉड्स म्हणून वेगवान गाड्या सोडल्या. ट्रॅक संथ गाडीसाठीचा, वळणांवर कड उचललेली नाही, म्हणून प्रत्येक वळणाला ब्रेक, सरळ रस्त्यावर परत वेग, परत ब्रेक. टायर झिजून जायचे. २००० मध्ये बंद. ट्रॅक अजून डोक्यावर तसाच आहे, रिकामा, पाव शतक झालं.

आणि हे नुसतं रंग उडालाय म्हणून कुरकुरणं नाही. सप्टेंबर २००३ मध्ये त्याच पार्कमध्ये बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरवर एक तरुण जिवानिशी गेला, राज्याच्या चौकशीत देखभालीतली चूक निघाली. कॅलिफोर्नियात निदान राज्याचे इन्स्पेक्टर येतात. फ्लोरिडात १,००० पेक्षा जास्त कायम कर्मचारी असलेल्या मोठ्या पार्कना राज्याच्या तपासणीतून सूट आहे, ते स्वतःच स्वतःची तपासणी करतात आणि दर तीन महिन्यांनी अपघातांची माहिती राज्याला कळवतात. ते करत नाहीत असं म्हणत नाही मी, करतातच, माझ्या धंद्यातले लोक तिथे आहेत आणि हुशार आहेत. पण सुरक्षेचं बजेट कापता येत नाही म्हटल्यावर कात्री कशाला लागते? रंगाला, बल्बला, आणि काकांच्या कोळ्याला.

सिनेमाचं मत: काहीही लावा, मला फक्त खुर्च्या मांडायच्या आहेत.

— लिफ्टवाला

* * *

नमस्कार सगळ्यांना, उशिरा लिहितेय.

आम्ही मागे जपानला गेलो होतो तेव्हाचं सांगते. टोकियो डिस्नीलँड १९८३ चं, अमेरिकेबाहेरचं पहिलं, आणि ते डिस्नीच्या मालकीचं नाहीच, ओरिएंटल लँड नावाची तिथली कंपनी आहे, ती डिस्नीला रॉयल्टी देते आणि चालवते स्वतः. मी रांगेत असताना एक माणूस कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाची आतली बाजू पुसत होता, बाहेरची नाही, आतली. मी नवऱ्याला म्हटलं बघ, तर तो म्हणाला घरी मी पण पुसतो. नाही पुसत.

पण मला जास्त आवडलं ते तिथल्याच आईची प्रांतातलं, जिब्ली स्टुडिओच्या सिनेमांवरचं जिब्ली पार्क, नोव्हेंबर २०२२ ला उघडलेलं. आम्ही गेलो तेव्हा राइड अशी नव्हतीच. माय नेबर टोटोरो सिनेमातलं घर आहे, २००५ च्या एक्स्पोसाठी बांधलेलं, तेच अजून उभं, कपाटांचे ड्रॉवर उघडून बघता येतात आणि आत खरंच घडी केलेले कपडे आहेत. ताईंचं जंगल दोन सेकंद दिसतं तसंच हे, दहातले नऊ लोक ड्रॉवर उघडतही नसतील. त्या घरात हलणारा बाहुला नाही म्हणजे अडकायलाही काही नाही, लिफ्टवाले दादा, तुमच्या पोटावर पाय.

मत माय नेबर टोटोरो, १९८८.

— टोटोरोवाली वहिनी

* * *

वहिनी, त्या सिनेमात भांडण नाही, खलनायक नाही, मुलं अर्ध्या तासात हॉलभर पळायला लागतील. अर्थात माझ्याही सिनेमात पळतातच म्हणा, ड्रॅगन येईपर्यंत.

आणि धाकट्या, रेघेबद्दलचं तुझं पटलं नाही पण आवडलं. डाल्मेशियन्समधली ती खलनायिका क्रुएला झेरॉक्सशिवाय तशी झालीच नसती हे मी मान्य करते, आणि कुत्र्यांच्या अंगावरचे ते हजारो ठिपके शाईने गिरवायचे म्हटलं असतं तर त्या बायका स्वतःच राजीनामा देऊन गेल्या असत्या. पण दादांचं वाचून मला तो दिवा डोक्यातून जात नाहीये. यती हलत नाही तर त्याच्यावर दिवा लुकलुकवायचा! निदान झेरॉक्सवाल्यांनी चित्र तरी हलवलं.

— ताई

* * *

ताई तो दिवा मला आवडतो एक्चुअली 😅 आता कधी खरंच दुरुस्त केला ना तर लोक डिस्को यती परत आणा म्हणून पिटिशन काढतील, लिहून ठेवा. मी सही करणार.

— धा. मे.

* * *

मंडळी,

मतमोजणी: स्लीपिंग ब्यूटी ४, टोटोरो ४, टॉय स्टोरी २ ला ३. एका मेंबरने तीन सिनेमांची नावं दिली, ते मत बाद. एकच म्हटलं होतं. बरोबरी झाल्यामुळे माझं मत निर्णायक, आणि मी टोटोरोला देतो, कारण तो दीड तासाच्या आत संपतो आणि हॉल आपल्याला साडेनऊला रिकामा करून द्यायचाय.

पार्कवाल्यांना मी कोळ्याच्या हाताबद्दल मेल टाकला होता, फोटोसकट. त्यांचं उत्तर आलं, भेट दिल्याबद्दल धन्यवाद आणि पुढच्या तिकिटावर दहा टक्के सूट. हाताबद्दल एक अक्षर नाही. परवा पुतण्या तिथे गेला होता त्याला म्हटलं जाता जाता बघून ये. तर म्हणाला हात अजून तसाच आहे, फक्त टेप नवीन लावलीय, या खेपेला कातडीच्या रंगाची.

लिफ्टवाले, खुर्च्या ८० मांडा. आणि हॉलच्या मागच्या दाराची बिजागरी किरकिरतेय, येताना तेलाची बाटली आणा.

— खजिनदार