मदत हवी आहे: आयत्या वेळच्या भाषणांसाठी मराठी विषय सुचवा

नमस्कार मंडळी. येत्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या टोस्टमास्टर्स क्लबच्या (भाषणाचा सराव करणाऱ्यांचा क्लब) सभेत टेबल टॉपिक्स, म्हणजे आयत्या वेळच्या भाषणांचा भाग, घ्यायची जबाबदारी माझ्यावर आहे. यात विषय उभं राहिल्यावरच कळतो आणि १ ते २ मिनिटं बोलायचं असतं. वेळ मोजणारा सदस्य, म्हणजे टायमर, १ मिनिटाला हिरवं कार्ड दाखवतो, दीडला पिवळं, २ ला लाल.

मागच्या वेळी एक निवृत्त काका पाहुणे म्हणून आले होते. त्यांना विषय मिळाला ‘स्टार्टअप की नोकरी’. दोन वाक्यं कशीबशी बोलले आणि अडले. खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. टायमरच्या हातातलं हिरवं कार्ड वर गेलंच नाही. टाळ्या वाजल्या, पण मला घरी पोहोचेपर्यंत चुटपुट लागून राहिली. तो विषय त्यांचा नव्हताच हो.

म्हणून मला ‘आमच्या घरातला पहिला फोन’ यासारखे, ज्यावर कुणालाही स्वतःचं काही सांगता येईल असे आठ-दहा विषय हवेत. वाद घालायला लावणारे नकोत.

आणखी एक, बोलणारा मध्येच अडला तर तुम्ही हळूच एखादा प्रश्न विचारता, की त्याला वेळ देऊन शांत थांबता? काका पुन्हा येणार आहेत, म्हणून विचारते.